३०६ निर्वाचक, पण फरक ४३ हजारांचा

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर नाही, तर राज्याराज्यांतून निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींच्या, म्हणजे निर्वाचकांच्या मतांवर ठरतो. २०२० साली जो बायडन यांना ३०६ निर्वाचक मिळाले, डोनाल्ड ट्रम्प यांना २३२. देशभरातल्या मतांतही बायडन ७० लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. निकाल चांगलाच एकतर्फी दिसतो. अशा आकड्यांवरच विजेते ‘जनतेनं मला स्पष्ट कौल दिला’ असा दावा करतात. आता तीन राज्यांतलं त्यांचं मताधिक्य पाहा : अ‍ॅरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९, विस्कॉन्सिन २०,६८२. बेरीज ४२,९१८. यातल्या निम्म्यांनी, म्हणजे साडेएकवीस हजारांच्या आसपास मतदारांनी बायडनऐवजी ट्रम्पना मत दिलं असतं, तर तिन्ही राज्यांचे मिळून ३७ निर्वाचक तिकडे गेले असते आणि सामना २६९-२६९ असा बरोबरीत सुटला असता. मग अध्यक्षाची निवड प्रतिनिधीगृह, म्हणजे अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह करतं आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. सर्वाधिक लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला एक, सर्वांत कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही एक.

निर्वाचकांचा आकडा इतका फुगतो कसा? एकूण निर्वाचक ५३८ : प्रतिनिधीगृहाच्या जागांइतके ४३५, सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्या जागांइतके १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत पहिला येणारा उमेदवार तिथले सगळे निर्वाचक घेऊन जातो, मग फरक एका मताचा असो की दहा लाखांचा. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी काही निर्वाचक मतदारसंघनिहाय वाटतात. आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही निर्वाचक मंडळ असतं, पण तिथे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराचं १७५ मूल्याचं मत वेगळं मोजलं जातं. अख्खं राज्य एका उमेदवाराच्या पदरात पडत नाही. अमेरिकेत ते पडतं. म्हणूनच १९८० मध्ये रेगन यांना ५०.७ टक्के मतांवर ४८९ निर्वाचक, म्हणजे ९१ टक्के मिळाले. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना ४३ टक्के मतांवर ३७०.

कौल किती भक्कम आहे हे जोखायचं असेल तर ही बेरीज बाजूला ठेवा आणि वेगळा हिशेब करा. विजेत्यानं जिंकलेली राज्यं मताधिक्याच्या टक्केवारीप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा. वरून निर्वाचक मोजत या. ज्या राज्यात २७०चा आकडा पार होतो, ते निर्णायक राज्य. तिथली आघाडी हीच विजयाची खरी जाडी. २०२० मध्ये ते राज्य विस्कॉन्सिन होतं आणि आघाडी ०.६ टक्के, देशभरातली मात्र ४.५. २०१६ मध्येही विस्कॉन्सिनच : तिथे ट्रम्प ०.८ टक्क्यांनी पुढे, तर देशात हिलरी क्लिंटन २.१ टक्क्यांनी, जवळपास २९ लाख मतांनी. २०२४ मध्ये निर्णायक राज्य पेनसिल्व्हेनिया : ट्रम्प तिथे १.७ आणि देशात १.५ टक्क्यांनी पुढे, म्हणजे दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. दोहोंतलं अंतर दर निवडणुकीत बदलतं. त्यामुळे ही पद्धत अमुक पक्षाला कायमची धार्जिणी आहे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

फरक फारच छोटा असला, की मोजणीचं साधनच अपुरं पडतं. २००० साली फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज डब्ल्यू. बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. त्या वेळी अनेक ठिकाणी कागदी कार्डाला भोक पाडून मत द्यायचे. तुकडा अर्धवट लटकत राहिला की यंत्राला ते मत दिसेना. दोन भोकं पडली की मत बाद. अशा न मोजल्या गेलेल्या मतपत्रिका राज्यभरात सुमारे पावणेदोन लाख होत्या. मोजणीतली त्रुटी फरकाच्या तीनशेपटीहून अधिक! कायद्यानं विजेता ठरला, तो ठरायलाच हवा होता. पण त्या ५३७ वरून जनतेच्या मनाचा अंदाज बांधणं हे मापनाच्या नियमांत बसत नाही.

बरं, समजा फरक मोठा आहे. तरी कौल नेमका कशाचा? पाच मतदार आणि तीन प्रश्न घ्या : कर, आरोग्यविमा, स्थलांतर. पहिल्याला फक्त करावर ‘क’ पक्ष पटतो, दुसऱ्याला फक्त विम्यावर, तिसऱ्याला फक्त स्थलांतरावर. उरलेल्या दोन-दोन प्रश्नांवर तिघेही ‘ख’च्या बाजूचे. चौथा आणि पाचवा तिन्ही प्रश्नांवर ‘क’चे. जो पक्ष जास्त प्रश्नांवर पटतो त्याला मत द्यायचं ठरलं तर ‘ख’ ३-२ असा, ६० टक्के मतांनी जिंकतो. आता प्रश्न एकेक करून मोजा : तिन्ही प्रश्नांवर बहुमत ‘क’कडे, तेही ३-२. राजकीय पक्षांचे अभ्यासक ऑस्ट्रोगॉर्स्की यांच्या नावानं ओळखला जाणारा हा विरोधाभास. खऱ्या निवडणुकीत प्रश्न तीनच नसतात आणि मतदार त्यांना सारखं वजनही देत नाहीत, त्यामुळे गुंता वाढतोच. एकाच मतात उमेदवार, पक्ष, महागाई आणि समोरच्यावरचा राग असं सगळं भरलेलं असतं. त्यातून एखाद्या विधेयकाला असलेला पाठिंबा वेगळा काढता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी १९९० मध्ये अध्यक्षीय जनादेशाला मिथक म्हटलं, ते याच धर्तीवर.

तरीही अध्यक्षाचा जनादेशाचा दावा कामाला येतो, कारण तो ऐकणारे खासदार असतात. पण त्यांचं गणित निर्वाचकांच्या बेरजेवर चालत नाही. ३७० निर्वाचकवाल्या क्लिंटन यांचं १९९३ चं अर्थसंकल्पी विधेयक, दोन्ही सभागृहांत स्वपक्षाचं बहुमत असूनही, प्रतिनिधीगृहात २१८-२१६ असं कसंबसं पार पडलं आणि सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या मतानं वाचलं. २७१ निर्वाचकांवर आणि देशात पाच लाखांहून अधिक मतांनी मागे राहून आलेल्या बुश यांनी मात्र २००१ च्या जूनमध्येच करकपातीच्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये त्याला ५८ मतं मिळाली होती, त्यात काही विरोधकांचीही.