जुन्या स्पोर्ट्स कारचा हार्ड गिअर: जीएल-४ आणि जीएल-५ चा वाद आला कुठून

मॅन्युअल स्पोर्ट्स कार जुनी झाली आणि गिअर हार्ड पडायला लागला की सगळे आधी विचारतात ऑइल कुठलं टाकलंय, जीएल-४ की जीएल-५ (गिअर ऑइलचे दोन दर्जे), क्लचबद्दल कोणी विचारतच नाही. हे उलटं का झालं ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी यंत्रणा (थोडक्यात सिंक्रो), १९२८ पासून गाड्यांत आहे, पण कितीतरी वर्षं तो फक्त वरच्या गिअरना मिळायचा. जॅग्वार ई-टाइपच्या पहिल्या गिअरला सिंक्रो आला १९६४ च्या ४.२ लिटर मॉडेलपासून, एमजीबीला तर १९६७ च्या शेवटी. त्याआधीच्या गाडीत चालता चालता पहिला टाकताना खरखर झाली तर तो बिघाड नाही, गाडी बनलीच तशी आहे.

खरा गोंधळ त्यानंतरच्या गाड्यांचा. केबल जाऊन हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) क्लच आले, पोर्श ९११ ला तो १९८७ च्या मॉडेलपासून नव्या गिअरबॉक्सबरोबर मिळाला. केबल ताणली की निदान पायाला कळायचं. हायड्रॉलिकमध्ये स्लेव्ह सिलिंडरचं (द्रवाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या भागाचं) सील गेलं किंवा रबरी होज आतून फुगायला लागला तरी पेडल बऱ्यापैकी नॉर्मल लागतं आणि क्लच मात्र पूर्ण कट होत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटत नाही. त्यात सत्तरीच्या शेवटच्या ९११ एससी आणि नंतरच्या ९४४ मध्ये क्लच प्लेटच्या मधे रबर होतं, ते वय झालं की तुटतं, तुकडे आत अडकतात आणि लोक गिअरबॉक्सला दोष देत बसतात.

आता ऑइलचा वाद. वर्गवारी ठरवणाऱ्यांनी आकडे असे दिले की ५ म्हणजे ४ पेक्षा भारी असंच वाटतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या आकड्यांनीच केलंय. जीएल-५ मुळात हायपॉइड फायनल ड्राइव्हसाठी (चाकांकडे शक्ती वळवणारे शेवटचे गिअर), तिथे दात एकमेकांवर जोरात घसरतात म्हणून गंधक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ च्या जवळपास दुप्पट. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेची सिंक्रो रिंग असते. जुन्या जीएल-५ मधलं गंधक गरम झालं की पितळ खायचं, ही भीती खरीच होती. आजची बरीच जीएल-५ त्या बाबतीत सुधारलीत, घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये ठेवून ती किती काळवंडते हे तपासलं जातं. पण दुसरा मुद्दा कोणी बोलत नाही, तो घर्षणाचा. रिंगवरच्या बारीक खाचांनी ऑइलचा थर कापला गेला पाहिजे, तेव्हाच ती गिअरच्या शंकूसारख्या भागाला पकडते आणि गिअरचा वेग जुळतो. ऑइल फार निसरडं किंवा फार जाड असेल तर पकड उशिरा येते, लिव्हर दारावर थांबल्यासारखा क्षणभर अडतो आणि जोर लावला की खरखर.

मग सगळीकडे जीएल-४ टाकायचं का? नाही ना! ट्रान्सअ‍ॅक्सलवाल्या काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि हायपॉइड फायनल ड्राइव्ह एकाच खोक्यात, एकाच ऑइलवर चालतात, तिथे सिंक्रो वाचवायला जाऊन क्राउन-पिनियन (फायनल ड्राइव्हचे गिअर) गमवाल. काही बीएमडब्ल्यूंना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, जुन्या होंडांना तर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलच सांगितलेलं होतं, आणि ७५डब्ल्यू-९० हा आकडा ऐकून घाबरू नका, गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे, ते साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा.

आणि ऑइलवर खर्च करायच्या आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सगळे सरळ पडतात आणि चालू केलं की पहिला-रिव्हर्स अडतो, मग क्लच कट होत नाहीये, गिअरबॉक्स उघडू नका. बंद असतानाही हार्ड, तर लिंकेज (लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणारे दांडे) आणि त्याचे बुश बघा. सगळेच गिअर थंडीत हार्ड आणि गरम झाल्यावर मऊ, तिथे ऑइलवर संशय घ्या. एकटा दुसराच गिअर खरखरतो आणि डबल क्लच केला (मधे न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबला) की मुकाट पडतो, तर त्याचा सिंक्रो गेलाय, ऑइल बदलून काही महिने निघतील पण रिंग बदलावीच लागणार.