केस काळे आहेत तोवरच!

जपानीत रुळलेला एक शब्द वाचून मी चक्रावलो: ‘काइगो दात्सुमो’. काइगो म्हणजे वृद्धांची शुश्रूषा, दात्सुमो म्हणजे केस काढणे. उद्या अंथरुणाला खिळलो तर डायपर बदलणाऱ्याचे काम हलके व्हावे, म्हणून धडधाकट असतानाच जांघेतले केस लेझरने काढून घ्यायचे! दर 10 माणसांतली जवळपास 3 पासष्टीपुढची असलेल्या देशात हे सुचणारच. तिथले विशी-तिशीतले तरुण तर दाढीसुद्धा लेझरने घालवतात. पूर्वी हे बायकांचे नखरे समजले जात.

पण घाई कशाला? सत्तरीत केले तर? तेव्हा केस पांढरे झालेले असतात, आणि पांढऱ्या केसापुढे लेझर हतबल आहे.

केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन 755 नॅनोमीटरसारख्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून तापते. पाणी आणि रक्त तो बराच कमी शोषतात. मग मेलॅनिन तर कातडीतही असते, ती का भाजत नाही? याची किल्ली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी 1983 साली मांडली: झोत किती वेळ टाकायचा, यात सगळे आहे. वाटीतले पाणी पटकन निवते, हंड्यातले कढतच राहते. निवण्याचा हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. कातडीचा वरचा पातळ थर काही मिलिसेकंदांत निवतो, केसाच्या मुळाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. झोत या दोहोंच्या मधला ठेवला की कातडी उष्णता टाकून मोकळी होते, मूळ मात्र तापत जाते. दाढीचा राठ केस जास्त चटका देतो तो यामुळेच. आणखी मेख अशी, की केस पुन्हा उगवून देणाऱ्या मूलपेशींत मेलॅनिन जवळपास नसतेच. त्या शेजारच्या काळ्या केसाच्या धगीने मरतात. केस पांढरा झाला की चूलच विझली.

शिवाय ही युक्ती वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच नीट चालते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा जावे लागते. ‘कायमची सुटका’ या जाहिरातीला भुलू नका. अमेरिकेचे औषध प्रशासनही ‘कायमस्वरूपी घट’ एवढेच म्हणू देते. आणि वस्तऱ्याने केस दाट होतात ही आजीबाईंची समजूत 1928 सालीच अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी मोजमाप करून खोटी ठरवली, तरी ती आपल्याकडे घरोघर जिवंत आहे! आपल्या सावळ्या कातडीला बहुधा 1064 नॅनोमीटरचे यंत्र सुरक्षित, कारण कातडीतले मेलॅनिन तो प्रकाश कमी शोषते.

पांढरे केस घालवायचेच असतील तर विजेची सुई आहे. ती रंग विचारत नाही, पण एकेका मुळात वेगळी घालावी लागते.