आतड्यातून येणारी युरेमिक विषद्रव्ये

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात लघवीवाटे बाहेर न पडता रक्तात साठणाऱ्या आणि शरीराला अपाय करणाऱ्या द्रव्यांना युरेमिक विषद्रव्ये म्हणतात. त्यांतला एक मोठा गट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे तयार होतो. इंडॉक्सिल सल्फेट, पॅरा-क्रेसिल सल्फेट, इंडोल-३-ॲसेटिक आम्ल आणि ट्रायमिथिलअमाइन एन-ऑक्साइड (टीएमएओ) ही त्यांतली विशेष अभ्यासलेली द्रव्ये. रुग्ण दर महिन्याला जो युरिया-क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात घेऊन येतो, त्यात यांपैकी एकाचाही आकडा नसतो.

मूत्रपिंडे काढून टाकलेल्या प्राण्यांच्या रक्तात युरिया वाढतो, हे प्रेव्हो आणि द्यूमा या शास्त्रज्ञांनी १८२१ मध्ये दाखवले. तेव्हापासून युरिया हेच या आजाराचे माप झाले. मोजायला सोपा असल्याने तो टिकला, पण विष म्हणून तो तसा सौम्यच. अमेरिकेतल्या ‘हेमो’ चाचणीत डायलिसिसची मात्रा वाढवून युरिया नेहमीपेक्षा जास्त काढला गेला. तरी रुग्णांचे आयुष्य त्या प्रमाणात वाढले नाही, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याकडे बोट दाखवणारा पुरावा त्याहून जुना आहे. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची दोन्ही मूत्रपिंडे काढली, तर ते साध्या उंदरांपेक्षा जास्त दिवस जगतात, हे १९६६ सालीच दिसले होते. पुढे २०११ मध्ये, मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेल्या डायलिसिस-रुग्णांच्या रक्तात इंडॉक्सिल आणि पॅरा-क्रेसिल सल्फेट अगदी कमी आढळले.

२००३ मध्ये युरोपीय संशोधकगटाने अशा ९० द्रव्यांची यादी करून तीन वर्ग पाडले: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान व पाण्यात सहज विरघळणारी, त्याहून मोठी, आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहणारी. आतड्यातून येणारी बरीचशी विषे तिसऱ्या वर्गातली आहेत आणि खरी अडचण तिथेच आहे.

इंडॉक्सिल सल्फेटचा प्रवास पाहिला की ती कळते. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल असते. लहान आतड्यात न पचलेला त्याचा भाग मोठ्या आतड्यात पोहोचला की ई. कोलायसारखे जिवाणू त्याचे इंडोल करतात. ते यकृतात गेल्यावर आधी इंडॉक्सिल आणि मग इंडॉक्सिल सल्फेट बनते. (टायरोसीन या दुसऱ्या ॲमिनो आम्लापासून पॅरा-क्रेसिल सल्फेट असेच होते.) रक्तात आल्यावर इंडॉक्सिल सल्फेटचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे निरोगी मूत्रपिंडसुद्धा ते गाळून काढत नाही. मूत्रनलिकेच्या पेशी खास वाहक प्रथिनांच्या मदतीने ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात. डायलिसिसच्या पडद्याजवळ हे काम करणारे कोणी नाही. रेणू अवघ्या २१३ डाल्टनचा, छिद्रातून आरामात जाईल असा. पण ज्याला तो धरून बसलेला असतो ते अल्ब्युमिन सुमारे ६६,५०० डाल्टनचे. एका बैठकीत युरिया दोनतृतीयांशाने उतरतो, तेव्हा इंडॉक्सिल सल्फेट जेमतेम एकतृतीयांश.

हे द्रव्य कधी कधी डोळ्यांनाही दिसते. बरेच दिवस कॅथेटर असलेल्या, बद्धकोष्ठ झालेल्या वृद्ध रुग्णाच्या लघवीची पिशवी एके दिवशी चक्क जांभळी होते आणि घरचे घाबरतात. लघवीतल्या जिवाणूंनी इंडॉक्सिल सल्फेट फोडलेले असते. त्यातून निळे इंडिगो आणि तांबडे इंडिरुबिन तयार होऊन प्लॅस्टिकवर चढते. हे इंडिगो म्हणजे कापड रंगवण्याची नीळच.

रक्तात साठलेले इंडॉक्सिल सल्फेट रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते आणि उरलेल्या मूत्रनलिकांभोवती तंतुमय ऊतक वाढवते, असे पेशींवरच्या व प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसते. माणसांत त्याची पातळी आणि हृदयविकार यांचा संबंध आढळतो. पण पातळी उतरवली की माणूस जास्त जगतो, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

टीएमएओ जरा वेगळे. अंडी व मांसातल्या कोलीन आणि कार्निटिनपासून जिवाणू ट्रायमिथिलअमाइन करतात (शिळ्या मासळीचा वास तो हाच) आणि यकृत त्याचे टीएमएओ करते. समुद्रातल्या मासळीत ते तयारच असते, मुशीत (शार्कमध्ये) तर भरपूर: तिच्या अंगात युरियाही खूप असतो आणि त्या युरियापासून तिची प्रथिने टीएमएओ सांभाळते. प्रथिनांना चिकटत नसल्याने डायलिसिसमध्ये ते सहज निघते.

मूत्रपिंड बिघडले की आतडेही बिघडते. रक्तात वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात. त्यात आहारातला तंतू (फायबर) कमी होतो. पोटॅशियमच्या धास्तीने फळे, पालेभाज्या, कडधान्ये, नारळपाणी बंद होते आणि भाजी उकळून पाणी ओतून देण्याची सूचना मिळते. पाणीही मोजून प्यायचे, त्यावर लोहाच्या आणि फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या. मग बद्धकोष्ठ ठरलेलेच. तंतू न मिळालेले जिवाणू प्रथिनांकडे वळतात आणि अन्न जितका वेळ आतड्यात रेंगाळेल तितके विष जास्त. पोटॅशियमचा धोका खरा आहे, पण आहाराच्या कागदावर नुसती ‘वर्ज्य’ची यादी असते, हे या दृष्टीने तोट्याचे ठरते.

उपायांचा हिशेब अजून अपुराच आहे. जपानमध्ये १९९१ पासून एएसटी-१२० हा तोंडाने घ्यायचा कार्बन वापरात आहे. तो आतड्यातच इंडोल शोषून घेतो. मात्र सुमारे २,००० रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत (२०१५) त्याने आजाराची वाटचाल मंदावली नाही. प्रीबायोटिक (उपयुक्त जिवाणूंचे खाद्य) व प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू) एकत्र देऊन केलेल्या २०१६ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत पॅरा-क्रेसिल सल्फेट उतरले, इंडॉक्सिल सल्फेट ठळकपणे उतरले नाही. डायलिसिस चालू असताना रक्तात आयब्युप्रोफेन सोडून विषाला अल्ब्युमिनवरून हुसकावण्याचा प्रयोगही झाला आणि विष जास्त निघाले. पण हे वेदनाशामक उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला घातक असल्याने रोजच्या वापरात आले नाही. ज्याला दिवसाला थोडी तरी लघवी होते त्याच्या रक्तात ही विषे कमी असतात, म्हणून आठवड्यातून दोनदाच डायलिसिस मिळणाऱ्या भारतातल्या असंख्य रुग्णांसाठी ती थोडी लघवी टिकवणे आज तरी या उपायांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.