ऑर्केस्ट्राचं डिझेल जातं कुठं?

माझा मावसभाऊ सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. मागच्या सीझनला त्याच्यासोबत टेम्पोत बसून पंढरपूरला लग्नाच्या कार्यक्रमाला गेलतो, आणि येताना झोप येईना म्हणून मोबाईलवर हिशेब मांडला, एका कार्यक्रमामागं कार्बन डायऑक्साइड किती सुटतो त्याचा.

१ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो. आता लिटरभर डिझेलचं वजनच किलोच्या आत, मग २.७ कुठून आले? तर डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, जास्तीचं वजन त्याचं. जाऊन-येऊन १५० किमी, टेम्पोचं ॲव्हरेज १०, म्हणजे १५ लिटर, ४० किलो. जनरेटरनं ५ तासात जवळपास तेवढंच खाल्लं, अजून ४०. पंगत चालू होती, स्टेजवर कोण नव्हतं तरी ते आपलं धडधडतच होतं, रिकामं पळताना पण डिझेल लागतंच की.

आणि खरी गोम आवाजात आहे. दर दोन गाण्यांनंतर नवरदेवाचा कोणतरी मित्र येणार, "आवाज वाढवा की ओ!" पण आपला कान लई विचित्र, त्याला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात आणि १० डेसिबलला पॉवर लागते १० पट! त्यात स्पीकरला १०० वॅट दिले तर आवाज होतो फक्त काही वॅटचा, बाकी सगळी उष्णता. शेवटी सामान उचलताना अँप्लिफायरला हात लावला आणि पटकन काढला.

तरी सगळ्यात मोठा आकडा स्टेजवर नव्हताच. आजूबाजूच्या गावातनं आलेल्या दीडेकशे गाड्या धरा, प्रत्येकी ३० किमी, ५० चं ॲव्हरेज, म्हणजे ९० लिटर पेट्रोल. लिटरला २.३ किलोनं २०० च्या वर जातंय. आता ती माणसं गाणी ऐकायला आलती का जेवायला, हा वाद वेगळा.

वरातीत हलगीवाले पण होते. पेपर पेटवून हलगी शेकली, चामड्यातला ओलावा उडाला, ताण वाढला, आवाज कडक. ना वायर ना जनरेटर, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू.

भावाला हिशेब दाखवला तर म्हणाला, "बार्शीच्या तारखेला दोन टेम्पो हायेत, साऊंड वाढवलाय."