खून दोन्हीकडे होतो: रहस्यकादंबरी आणि थ्रिलर

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की माझ्याकडे एक मागणी हमखास येते, "सुट्टीत वाचायला एखादी झकास थ्रिलर सुचव ना." मी उत्तर देईपर्यंत कुणीतरी एक यादी पुढे सरकवलेलीही असते. त्या यादीत अगाथा ख्रिस्ती असते, फ्रेडरिक फोर्साइथ असतो, एखादी भुताची गोष्ट असते आणि घरातल्या दडवलेल्या गुपितांवरची एखादी कौटुंबिक कादंबरीही असते. शिक्का मात्र सगळ्यांवर एकच, थ्रिलर. मलपृष्ठांवरचा मजकूर या घोळात भर घालतो. 'रहस्यमय, थरारक, उत्कंठावर्धक' हे तीन शब्द तिथे एका दमात येतात, जणू तिन्हींचा अर्थ एकच आहे.

तो एकच नाही, आणि या गोंधळात नुकसान वाचकाचं होतं. माझ्या मावसबहिणीनं एकदा लांबच्या प्रवासासाठी थ्रिलर मागितली होती. तिच्या हाती पडली एक उत्तम रहस्यकादंबरी. नव्वदाव्या पानाच्या आसपास तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "अगं, यात अजून नुसत्या जबान्याच चालल्यात!" पुस्तक चांगलं होतं आणि तिची मागणीही स्पष्ट होती. सुचवणाऱ्याला फरक माहीत नव्हता, एवढंच. त्यानंतर दोन वर्षं तिनं खून असलेलं एकही पुस्तक हातात धरलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

रहस्यकादंबरी म्हणजे काय हे इथे वेगळं सांगायची गरज नाही. खून, पाचसहा संशयित, एक तल्लख शोधक, विखुरलेले धागेदोरे आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून केलेला उलगडा. हे सगळं आपण शाळेपासून वाचत आलो आहोत.

आता थ्रिलर म्हटलं की लोक जे फरक सांगतात ते आधी बाजूला काढते. थ्रिलरमध्ये गोळीबार जास्त असतो, असं म्हणतात. बऱ्याचदा असतो, पण तो नसला तरी चालतो. रहस्यकादंबरी बंद घरात घडते आणि थ्रिलर देशोदेशी फिरते? कधीकधी. थ्रिलर जाडजूड असते? जॉन बकनची 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९१५) एका दुपारी वाचून होते आणि ती अस्सल थ्रिलर आहे. आपल्या भाषेपुरता एक जादा गुंता आहे, तो 'गुप्तहेर' या शब्दाचा. खुनाचा छडा लावणारा शेरलॉक होम्सही आपण गुप्तहेर म्हणतो आणि शत्रूच्या गोटात शिरलेला, जॉन ल कारेच्या कादंबऱ्यांतला माणूसही गुप्तहेरच. त्यामुळे 'गुप्तहेरकथा' मागितली तर काय मिळेल याचा नेम नाही. मी पहिल्याला शोधक म्हणते, दुसऱ्याला हेर.

सगळ्यात चिवट गैरसमज आहे वेगाचा. 'पटापट वाचून झाली, म्हणजे थ्रिलर' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कानावर पडताच मी वाद घालायला बसते. खरा फरक वेगात नाही. वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यात तो आहे.

चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफो या दुसऱ्या दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीतलं बाँबचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत. टेबलाखाली बाँब आहे आणि ते कुणालाच माहीत नाही, प्रेक्षकालाही नाही. तो फुटला की प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तेच दृश्य पुन्हा घ्या, पण प्रेक्षकानं बाँब ठेवताना पाहिलेला आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला पंधरा मिनिटं उरली आहेत. एकाच्या ठोक्याला बाँब फुटणार. गप्पा त्याच, तितक्याच कंटाळवाण्या, पण आता त्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रेक्षक आतून ओरडतो आहे की उठा, बाहेर पडा. धक्का पंधरा सेकंदांचा, ताण पंधरा मिनिटांचा.

थ्रिलर या दुसऱ्या प्रसंगासारखी चालते. तिच्यात वाचकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक असतं, निदान संकट कुठल्या दिशेनं येतंय एवढं तरी. त्याचा प्रश्न पुढचा असतो, आता काय होईल? रहस्यकादंबरीत मुख्य गोष्ट घडून गेलेली असते आणि ती वाचकापासून लपवलेली असते. तिथला प्रश्न मागचा असतो, काय घडलं होतं? एकीत आपण डोकं चालवतो, दुसरीत श्वास रोखतो. म्हणून रहस्यकादंबरीत शोधक सुरक्षित असला तरी बिघडत नाही. थ्रिलरमध्ये मात्र कुणाचातरी जीव टांगणीला लागलेला असावाच लागतो.

हे पटत नसेल तर फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) घ्या. एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना मारण्याची सुपारी घेतो. द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये स्वतःच्या घरी नैसर्गिक मरण पावले. म्हणजे पुस्तक दुकानात आलं तेव्हा शेवट वाचकाला आधीच माहीत होता. मारेकरी फसणार, यात शंकाच नाही. शिवाय तो कोण, काय करतो, कुठे जातो, हे लेखक आपल्यापासून जवळजवळ काहीच लपवत नाही. पानंच्या पानं तयारीत जातात. बालपणीच वारलेल्या मुलाच्या नावावर पासपोर्ट कसा काढायचा, सहज लपवता येईल अशी रायफल कुणाकडून आणि कशी घडवून घ्यायची, नेम कसा साधायचा. वेगाच्या व्याख्येनं ही कादंबरी संथ आहे. तरीही ती खाली ठेववत नाही, कारण प्रत्येक तयारीनिशी टेबलाखालचा बाँब थोडा आणखी पुढे सरकतो आणि पोलिस अधिकारी लबेल नेहमी एक पाऊल मागे असतो. शेवट ठाऊक असूनही तळहाताला घाम येतो. थ्रिलर म्हणजे काय, हे समजावायला मला याहून चांगलं पुस्तक माहीत नाही, आणि सुट्टीसाठी माझी पहिली शिफारसही हीच.

रहस्यकादंबरीचा करार याच्या अगदी उलट आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच भेटला पाहिजे आणि शोधकाला मिळालेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हे त्यातलेच. नॉक्स लेखकाला लपवू नको म्हणत नाही. समोर ठेव आणि तरी दिसू देऊ नकोस, असं तो म्हणतो. हे अवघड काम आहे. जो लेखक शेवटच्या प्रकरणात कुठूनतरी जुळा भाऊ आणून उभा करतो, त्यानं वाचकाला फसवलं आहे असं मी मानते. त्या पुस्तकाची शिफारस मी करत नाही, बाकीची भाषा कितीही सुंदर असो.

या फरकामुळे शिफारस करण्याची रीतही बदलते. थ्रिलरची गोष्ट थोडी सांगितली तरी फारसं बिघडत नाही. रहस्यकादंबरी एका वाक्यानं मरू शकते, आणि ते वाक्य दर वेळी शेवट फोडणारंच असतं असं नाही. 'शेवटी असा काही धक्का आहे ना!' हे लोक प्रेमानं सांगतात आणि पुस्तक नासवतात. हे ऐकलेला वाचक पहिल्या पानापासून सरळ दिसणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतो आणि लेखकानं रचलेला खेळ सुरू होण्याआधीच मोडतो. म्हणून ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'बद्दल (१९२६) मी फक्त एवढंच सांगते, वाचा. पुढे कुणी विचारलं तर विषय बदलते.

आणखी एक गोष्ट वाचायच्या सवयीची. घरात माणसं येत-जात असतील, मुलं दर दहा मिनिटांनी हाक मारत असतील, तर रहस्यकादंबरी घेऊ नका. कुणाच्या जबानीत घड्याळ किती वाजल्याचं आलं होतं हे विसरलात की उलगड्याची मजा अर्धी होते. अशा दिवसांत थ्रिलर बरी, ताण कुठूनही पुन्हा धरता येतो. उलट, झोपण्यापूर्वी वाचणाऱ्यांना थ्रिलर देऊ नये. ती झोप खाते.

खरी गोची मधल्या पुस्तकांची. केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (२००५) पाहा. खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर होतो. कुणी केला, का केला, सगळं दिसतं. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो झाकायला पुढे येतो. म्हणजे आपल्याला पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणजे थ्रिलर, असं वाटेल. मीही पहिल्या वाचनात असंच धरून चालले होते. पण लेखकानं आपल्यापासून एक वेगळीच गोष्ट दडवलेली आहे आणि तिचे धागे आपल्यासमोरच पडलेले आहेत. ही रहस्यकादंबरीच, फक्त प्रश्नाची जागा बदललेली. खुनी आधी दाखवून शोध नंतर रंगवायची ही पद्धत तशी जुनी आहे. आर. ऑस्टिन फ्रीमननं १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात ती वापरली होती.

ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) दोन्हीकडे बसते. बेटावर अडकलेली दहा माणसं एका बडबडगीताच्या क्रमानं मरत जातात. कोण मारतंय हा मागचा प्रश्न आणि आता कुणाची पाळी हा पुढचा, दोन्ही एकाच वेळी छळतात. रहस्यकादंबरी आवडणाऱ्याला थ्रिलरची गोडी लावायची असेल, तर मी हेच पुस्तक हातात देते.

राहिली कौटुंबिक कादंबरी. तिच्यात एखादा मृत्यू असला की तीही हल्ली थ्रिलरच्या यादीत ढकलली जाते. सेलेस्टे इंगच्या 'एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू'चं (२०१४) तसं झालेलं मी पाहिलं आहे. घरातली मुलगी वारली आहे, हे पहिल्याच ओळीत कळतं. ती कशी गेली हेही हळूहळू उलगडतं. पण लेखिकेला त्यातलं कोडं महत्त्वाचं नाही. आईवडिलांनी आपापल्या अपुऱ्या इच्छा त्या मुलीच्या खांद्यावर कशा ठेवल्या आणि एकाच टेबलाशी जेवणारी माणसं एकमेकांना कशी ओळखतच नव्हती, हे तिला सांगायचं आहे. थ्रिलर म्हणून उघडलीत तर पन्नास पानांत कंटाळाल. माझ्या मावसबहिणीला मागच्या सुट्टीत मी ती दिली तेव्हा आधीच सांगितलं, यात कुणी कुणाच्या मागे लागलेलं नाही. तिनं ती दोन दिवसांत संपवली आणि मग स्वतःहून म्हणाली, "आता ती जबान्यांवाली दे परत."