मायक्रॉन : मुलांना समजावताना

मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा, मिलिमीटरचा हजारावा भाग. ‘मायक्रोमीटर’ हे त्याचे अधिकृत नाव. ‘मायक्रॉन’ १९६७ मध्येच वगळले गेले. बाजारात मात्र तेच चालते. ठाण्याला जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेलेल्या मुलाच्या कानावर ते पडते ते प्लॅस्टिकबंदीमुळे. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ अखेरीपासून १२० मायक्रॉन झाली. महाराष्ट्राने तर २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली.

मायक्रॉन केवढा, याचे ‘केसाच्या जाडीचा अमुकावा भाग’ हे नेहमीचे उत्तर फारसे कामाचे नाही. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन अशी बदलते, आणि मुलाने ती कधी मोजलेली नसते. फूटपट्टीवर मिलिमीटरच्या खाली रेघच नाही. तेव्हा तिथे मोजायचे नाही, भागायचे. दोनशे पानी वही घ्यावी, पुठ्ठे बाजूला धरावेत, कागद घट्ट दाबून गठ्ठ्याची जाडी पट्टीवर पाहावी. ती ७-८ मिलिमीटर भरते. इथे बहुतेक मुले दोनशेने भागतात आणि उत्तर निम्मे येते. पाने दोनशे असली तरी कागद शंभरच, हे त्यांचे त्यांना सापडू द्यावे, लगेच सांगू नये. शंभराने भागले की एक कागद सुमारे ७५ मायक्रॉनचा निघतो. त्यानंतर १२० मायक्रॉनची पिशवी वहीच्या कागदापेक्षा जाड, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हवेच्या प्रदूषणाच्या फलकावरचा ‘पीएम २.५’ (पीएम म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) मोठ्यांनाही चकवतो. २.५ हे धुळीचे प्रमाण नव्हे, कणाचा आकार: २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यास. प्रमाण मोजतात ते घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. २४ तासांच्या सरासरीसाठी भारतीय मर्यादा ६० आहे. मायक्रोमीटर लांबीचा, मायक्रोग्रॅम वजनाचा. दोन्ही एकाच तासाला शिकवू नयेत.

ऐरोली-ठाण्याच्या मुलांना खाडी जवळच आहे. तिच्या गढूळ पाण्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर वीस-तीस मायक्रॉन लांबीचे डायटम नावाचे एकपेशीय शेवाळ कवचावरच्या नक्षीसकट दिसू शकते. फ्लेमिंगो खाडीत उतरतात ते अशाच बारीक खाद्यासाठी. चिखलातले २ मायक्रॉनखालचे चिकणमातीचे कण मात्र त्या भिंगाखाली नुसते ठिपकेच राहतात.