आमवाताचा जोर कुठल्या आकड्यावरून ओळखायचा?

पावसाळा लागला की म्हापशापासून काणकोणपर्यंत घराघरांत 'वात उसळला' म्हणतात. मग रक्त दिलं जातं आणि 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट हातात येतो (आरए म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आमवात). इथवर ठीक. पण पुढे तीच चाचणी दर तीन महिन्यांनी होत राहते, आणि आकडा १८० वरून ९० वर आला की आजार निम्मा उतरला असं घरातले धरून चालतात. तसं ते नसतं.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं आहेत, म्हणजे प्रतिरक्षा यंत्रणेने बनवलेली प्रथिनं, इथे स्वतःच्याच शरीराविरुद्धची. निदानाच्या वेळी ती खूप वाढलेली असतील, तर पुढे हाडं कुरतडली जाण्याचा धोका जास्त, एवढं ती सांगतात. त्यातही आरए फॅक्टर हिपॅटायटिस सी, क्षयरोग किंवा नुसत्या उतारवयातही पॉझिटिव्ह येतो. आज सांध्यात किती आग (दाह) आहे, हे मात्र प्रतिरक्षा पेशी एकमेकींना काय कळवताहेत त्यावर ठरतं.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप्या म्हणजे इंटरल्यूकिन-६. सांध्याच्या आतल्या अस्तरात जमलेल्या मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट पेशी तो सोडतात. पहाटे त्याची रक्तातली पातळी चढते. सकाळी बोटं आखडून खवणीवर नारळ धरवत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. रक्तातून तो यकृतात पोचतो आणि तिथल्या पेशीच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतो. मग जीपी-१३० नावाची प्रथिनं जवळ येतात, आतल्या बाजूची जॅक विकरं (एन्झाइम) जागी होतात, ती स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, स्टॅट-३ केंद्रकात शिरतं आणि सीआरपी या आग दाखवणाऱ्या प्रथिनाचं जनुक चालू होतं. आमवातावरच्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या ही साखळी जॅकपाशीच तोडतात.

सीआरपी मला या सगळ्यात फार सुंदर वाटतं. पाच सारख्या घटकांची ही चकती. निरोप आल्यावर सहाएक तासांत रक्तात वाढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते. तिचं अर्धायुष्य सुमारे १९ तास, आणि आजार असो-नसो ते जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे रक्तातलं प्रमाण फक्त यकृत किती बनवतंय यावर ठरतं. आग शमली की काही दिवसांत आकडा उतरतो. एक खबरदारी घ्या: काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. २.४ आणि २४ हा एकच आकडा असू शकतो. लॅब बदललीत तर आधी एकक वाचा.

आग मोजायची दुसरी चाचणी ईएसआर, म्हणजे तासाभरात तांबड्या पेशी नळीत किती खाली बसतात ते. ती जुनी आणि संथ. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, २०० मिलिमीटर खुणांची उभी नळी, बरोबर एक तास. इंटरल्यूकिन-६ मुळे फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन वाढतं, तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भरभर खाली बसतात. नळी जेमतेम ३ अंश कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत फुगतो. खोली गरम असली, बाजूला सेंट्रिफ्यूजमुळे टेबल हादरत असलं, तरीही तसंच. शिवाय रक्तक्षय असला की हा आकडा आपोआप चढतो. वयाचाही हिशेब आहे: बाईच्या वयात १० मिळवून निम्मे करा, ती साधारण वरची मर्यादा. सत्तरीच्या आजींचा ४० पाहून घाबरायचं कारण नाही.

हाच निरोप्या, इंटरल्यूकिन-६, यकृताकडून हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरकही बनवून घेतो आणि लोह पेशींत अडकून पडतं. हिमोग्लोबिन ९ वर, फेरिटिन (साठ्यातलं लोह दाखवणारं प्रथिन) मात्र भरपूर. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. आग विझवावी लागते.

तांब्याच्या कड्याने यातलं काहीच बदलत नाही, सीआरपी तसूभरही हलत नाही. त्याहून घातक म्हणजे 'वातावरची' बिननावाची पुडी. दोन दिवसांत दुखणं गायब झालं आणि महिन्याभरात चेहरा सुजला, तर आत स्टिरॉइड मिसळलं असण्याची दाट शक्यता आहे. सीआरपी उतरतं, तोवर हाडं आणि साखर बिघडत जाते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आकडा एकटा कधीच पुरत नाही. डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, दुखरे आणि सुजलेले वेगवेगळे मोजतात, त्यात सीआरपी किंवा ईएसआर आणि रुग्णाने स्वतः दिलेले गुण मिळवतात. या सगळ्यातून सूत्राने एक अंक निघतो: ५.१ च्या वर तीव्र, २.६ च्या खाली आजार शांत. या २८ त पावलांचे सांधे नाहीत, तेव्हा तळपाय दुखत असतील तर आपणहून सांगा.

आमवातावरचं टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-६ चा ग्राहकच अडवतं, त्यामुळे यकृतापर्यंत निरोप पोचत नाही. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला किंवा न्यूमोनिया झाला तरी सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास दिसू शकतं आणि तापही फारसा चढत नाही. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिल्याच वाक्यात या इंजेक्शनचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा.